दोन फुटांच्या टाकीतला थवा

घरात फिशटँक आणायची ठरली की पहिला वाद होतो तो टाकी कुठे ठेवायची यावर आणि दुसरा तिच्यात कोणते मासे सोडायचे यावर. पहिल्या वादात हल्ली वास्तुशास्त्र आणि फेंगशुई या दोघांनाही साक्षीला बोलावले जाते, त्यामुळे मी त्यात पडत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र आज बोलायचे आहे. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवल्यामुळे ओळखीपाळखीची मंडळी मासे आणण्याआधी मला विचारतात. खरे सांगायचे तर बहुतेक जण मासे आणल्यानंतर विचारतात.

आपल्याकडे पाखरे काय, मासे काय, जोडीने घ्यायची पद्धत आहे. दुकानदारही भाव जोडीचाच सांगतो. मग एक जोडी गोल्डफिश, एक जोडी एंजल, मुलांना आवडली म्हणून एक जोडी निऑन टेट्रा आणि तळ साफ करायला एक 'सकर', असा संसार दोन फुटांच्या काचेत मांडला जातो. आठ-दहा दिवसांनी तक्रार येते, की ते निळे-लाल मासे दिसतच नाहीत हो, फिल्टरच्या मागे जाऊन बसतात. बसणारच. निऑन हा थव्याने राहणारा मासा. दोन निऑन म्हणजे जोडी होत नाही, ते थव्यातून हरवलेले दोन मासे असतात. भोवती आपले कोणी नाही म्हटल्यावर त्यांचा रंग उतरतो, खाणे कमी होते आणि एक दिवस टाकीत एकच उरतो.

तेव्हा प्रश्न असा, की लहान टाकीत लहान माशांचा थवा ठेवायचा तर कोणता ठेवावा? त्याचे उत्तर शोधताना मला या माशांच्या इतिहासाची गोडी लागली. दुकानात पाण्याच्या पिशवीत बांधून मिळणारा बोटाच्या पेराएवढा जीव कोणत्या नदीतून, कोणाच्या हातून, कसा आपल्यापर्यंत आला, हे कळले की निवड करताना मन थोडे वेगळे चालते.

काचेच्या टाकीचा शोध फार जुना नाही. सोनमासे चिनी लोक शेकडो वर्षे पाळत आले, पण ते हौदात आणि मातीच्या मोठ्या भांड्यांत, वरून पाहायचे. बाजूने, माशाच्या डोळ्याला डोळा देऊन पाहण्याची सोय एकोणिसाव्या शतकातली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन लहान सोनमासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि सडलेली पाने खायला गोगलगाई. एवढ्यावर पाणी न बदलताही भांडे तग धरते, असे त्याने दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघरी गेला. आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय झाले ते १९५१ मध्ये. महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांच्या सहलींनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक मोठी जमेची बाजू मात्र राहून गेली होती. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून पाण्यात अमोनिया येतो, आणि तो माशांना विष आहे. त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करण्याचे काम जिवाणू करतात. हे काम सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडले. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, त्यांची वस्ती व्हायला तीन-चार आठवडे लागतात. शनिवारी टाकी आणून रविवारी तीत वीस मासे सोडणारे लोक माशांवर नाही, तर या अदृश्य वस्तीवर अन्याय करत असतात, आणि त्याची शिक्षा माशांना होते.

आता थव्याकडे वळू. मासे थव्याने का राहतात, यावर विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक गमतीदार पण खोल विचार मांडला. त्याने एक तळे कल्पिले. काठावर बेडूक बसले आहेत आणि तळ्यात एक साप आहे. साप वर येईल तेव्हा जवळ असेल त्या बेडकाला धरील. मग प्रत्येक बेडूक काय करील? दोन बेडकांच्या मधली जागा शोधील, म्हणजे आपल्याऐवजी शेजारी सापडण्याची शक्यता वाढते. सगळ्यांनी हेच केले की काठावरचे बेडूक एका ठिकाणी गोळा होतात. म्हणजे समूह प्रेमातूनच तयार होतो असे नाही, निव्वळ स्वार्थातूनही तयार होतो. लोकलच्या डब्यात दारापासून आत सरकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय एकसारख्या दिसणाऱ्या पन्नास माशांतून शिकाऱ्याला एकावर नजर ठरवता येत नाही, हा फायदा आहेच.

हे सगळे एका तालात कसे वळतात, हा पुढचा प्रश्न. त्यात डोळ्यांचा वाटा आहे, पण माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक पार्श्वरेखाही असते. पाण्यातली बारीकशी हालचाल तिला कळते. १९७६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी कॉडच्या जातकुळीतल्या माशांचे डोळे तात्पुरते झाकून पाहिले, तर ते मासेही थव्यातली आपली जागा राखून पोहत राहिले. थव्यात राहणे हा अशा माशाच्या देहाच्या घडणीतच आहे. म्हणून सहापेक्षा कमी नको, आणि टाकी दोन फुटांची असेल तर आठ ते दहा ठेवावेत असे मी सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू-दगड वजा जाता पन्नास लिटरच्या आत-बाहेर पाणी राहते. दहा लहान माशांना ते पुरते, आणि एकाच जातीचे दहा असले की ते पोहताना पाहण्यात जी मजा आहे ती पाच जातींच्या दोन-दोन माशांत नाही.

आता निऑनची हकीकत. १९३४ च्या सुमारास ऑगुस्त राबो नावाचा एक फ्रेंच संग्राहक वरच्या ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पेरूच्या बाजूच्या जंगलात हिंडत होता. तिथल्या ओढ्यांत त्याला हा मासा दिसला. लांबी इंच-सव्वा इंच, डोळ्यापासून मागे जाणारी निळी-हिरवी पट्टी आणि पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत लालभडक रंग. त्याने पॅरिसला पाठवलेल्या माशांनी युरोपातले व्यापारी अक्षरशः वेडे झाले. तेव्हा शहरांतून निऑनच्या दिव्यांच्या जाहिराती नव्याने झळकत होत्या, त्यामुळे नाव शोधायला कोणाला फार लांब जावे लागले नाही. १९३६ मध्ये जॉर्ज मायर्स या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि फिलाडेल्फियातले विल्यम इन्स यांचे नाव त्याला दिले. इन्स हे प्रकाशक. 'द ॲक्वेरियम' हे मासिक ते चालवत आणि शौकिनांसाठी त्यांनी लिहिलेले माशांचे पुस्तक १९३५ मध्ये निघाले होते.

त्याच वर्षी काही निऑन युरोपातून अमेरिकेला निघाले ते 'हिंडेनबर्ग' या प्रचंड जर्मन हवाई जहाजातून. शौकिनांच्या वर्तुळात ही गोष्ट आजही सांगितली जाते. मोजून पाचेक मासे पाठवले होते, त्यांतला एकच शेवटी जगला आणि विमानाने शिकागोच्या शेड मत्स्यालयात पोहोचला. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या लिंडबर्गला लोक 'लोन ईगल' म्हणत, तेच नाव या माशाला मिळाले. पुढच्या वर्षी, ६ मे १९३७ रोजी, ते हवाई जहाज लेकहर्स्टच्या तळावर उतरताना जळून खाक झाले आणि ३६ माणसे मेली. त्या जहाजाच्या इतिहासात एका इंचभर माशाची नोंद कोणी शोधायला जाणार नाही, पण थव्याने राहणारा मासा एकटा उरला म्हणून त्याचा केवढा गौरव झाला, हे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे. त्या बिचाऱ्याला काय वाटले असेल ते शिकागोत कोणी विचारले नसेल.

निऑनची निळी पट्टी हा रंगच नाही. तिच्यातल्या पेशींत ग्वानिन या द्रव्याच्या स्फटिकांचे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यातल्या अंतरावर प्रकाशाचा कोणता भाग परत यायचा ते ठरते. मोराच्या पिसाचे किंवा साबणाच्या फुग्याचे तत्त्व थोड्याफार फरकाने हेच. रात्री दिवा बंद केला की हे अंतर बदलते आणि पट्टी फिकी, जांभळट होते. पहाटे उठून टाकीत डोकावणाऱ्यांना मासे आजारी पडल्यासारखे वाटतात. अर्ध्या तासाने ते पूर्ववत होतात, घाबरू नये. मात्र दिवसाउजेडी अंगावर पांढरट, दुधाळ डाग पडून पट्टी तुटल्यासारखी दिसली तर तो या माशाच्या नावानेच ओळखला जाणारा परजीवीजन्य रोग असू शकतो. त्याला खात्रीचा इलाज नाही, असा मासा लगेच वेगळा काढावा.

निऑनची पैदास लोकांना बरीच वर्षे जमेना. अंडी उबायला अतिशय मृदू, किंचित आंबट पाणी लागते आणि उजेड चालत नाही. ते गमक हाती आल्यावर धंद्याचे केंद्र पूर्वेकडे सरकले. हाँगकाँगच्या शेतांवर निऑन लाखोंनी पैदा होऊ लागले, नंतर आग्नेय आशियातल्या इतर देशांतही. आज बाजारात येणारे जवळजवळ सगळे निऑन हे असे टाकीत जन्मलेले असतात. ॲमेझॉन त्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्या कित्येक पिढ्यांनीही नाही.

निऑनच्या थोरल्या भावाची, म्हणजे कार्डिनल टेट्राची, गोष्ट अगदी उलट आहे. दुकानात दोन्ही शेजारी असतील तर ओळखायची खूण सोपी. निऑनचा लाल रंग पोटाच्या मध्यापासून सुरू होतो, कार्डिनलचा डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग असतो. कार्डिनल थोडा मोठाही होतो. त्याच्या बारशाचा किस्सा शास्त्राच्या इतिहासात नमुनेदार आहे. १९५० च्या दशकात हा मासा ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीतून अमेरिकेत येऊ लागला. नवी जात आहे हे दोन गटांच्या एकाच वेळी लक्षात आले. एका बाजूला निऑनचे नामकरण करणारे मायर्स आणि त्यांचा विद्यार्थी स्टॅन्ली वाइट्झमन. त्यांनी मासा पाहून कार्डिनलांच्या लाल झग्यावरून 'कार्डिनॅलिस' असे नाव दिले. दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनचे लेनर्ड शुल्ट्झ. त्यांनी हर्बर्ट ॲक्सलरॉड यांच्या सन्मानार्थ 'ॲक्सलरॉडाय' हे नाव दिले आणि त्याचे वर्णन छापले ते ॲक्सलरॉड यांच्याच शौकिनांसाठीच्या मासिकात. त्या अंकावर तारीख होती २० फेब्रुवारी १९५६. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पत्रिकेतला मायर्स यांचा निबंध निघाला २१ फेब्रुवारीला. एका दिवसाचे अंतर! प्रकरण प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत गेले आणि १९५७ मध्ये निकाल लागला तो आधीच्या तारखेच्या बाजूने. अभ्यासकांच्या पत्रिकेवर दुकानातल्या मासिकाने एका दिवसाने मात केली. पण हरलेल्या नावातला शब्दच व्यवहारात टिकला, साऱ्या जगात त्या माशाला आज 'कार्डिनल'च म्हणतात. पुढे १९८३ मध्ये वाइट्झमन यांनीच एका सहकाऱ्याबरोबर अभ्यास करून निऑन, कार्डिनल आणि तिसरा हिरवा निऑन या तिघांना एकाच कुलात आणले.

कार्डिनलची पैदास निऑनइतकी सहज साधली नाही. त्यामुळे दशकानुदशके तो नदीतूनच धरून आणला जात होता. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. जंगलातला पाला कुजून तिचे पाणी चहासारखे तपकिरी आणि आंबट होते. पावसाळ्यात नदी फुगून जंगलात शिरते, झाडे खोडापर्यंत पाण्यात बुडतात आणि त्या बुडालेल्या जंगलात हे मासे वाढतात. पाणी ओसरू लागले की बार्सेलोस या नदीकाठच्या गावातले आणि भोवतालच्या वस्त्यांतले लोक होडक्यांतून जाऊन हातजाळ्यांनी ते धरतात. या बारीक माशांना तिथे 'पियाबा' म्हणतात, धरणारे ते 'पियाबेरो'. भरभराटीच्या काळात वर्षाला कोटीच्या घरात मासे मानाउस शहरामार्गे परदेशी जात. बार्सेलोसला शोभेच्या माशांचा वार्षिक उत्सव भरतो आणि गावाचे दोन तट नाच-गाण्यात एकमेकांशी स्पर्धा करतात, एक कार्डिनलचा आणि दुसरा डिस्कस माशाचा. आपल्याकडे गणपतीच्या मंडळांत असते तशीच ईर्षा.

नदीतून असे कोटीने मासे उचलले तर जात संपेल, असे कोणालाही वाटेल. मलाही प्रथम तेच वाटले होते. पण १९८९ मध्ये निंग लॅबिश चाओ या मत्स्यशास्त्रज्ञाने तिथे 'पियाबा प्रकल्प' सुरू केला आणि त्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले. पाणी ओसरताना डबक्यांत अडकून यातले असंख्य मासे दरवर्षी मरतातच. नदीतला कार्डिनल बहुधा वर्षभरच जगतो, पुढच्या पुरात उरलेल्यांची संख्या पुन्हा भरून निघते. आणि ज्या माणसांची चूल या माशांवर पेटते ती माणसे जंगल तोडू देत नाहीत, कारण जंगल गेले की मासा गेला. माशांचा भाव पडला तर त्याच माणसांना लाकूडतोड, गुरांची कुरणे किंवा सोन्याच्या खाणी, एवढेच पर्याय उरतात. नेमके तेच होऊ लागले. एकविसाव्या शतकात कार्डिनलचीही पैदास शेतांवर साधली, स्वस्त मासा बाजारात आला आणि बार्सेलोसची मागणी घसरली. 'नदीतला मासा धरू नका, शेतावरचा घ्या' हे वाक्य आपल्या कानाला किती सात्त्विक लागते! रिओ नेग्रोच्या काठी मात्र त्याचा अर्थ निराळा होतो.

हाच न्याय सगळीकडे लावता येत नाही, याचा पुरावा आपल्या सह्याद्रीतच आहे. केरळातल्या डोंगरी नद्यांत एक देखणा मासा राहतो. चंदेरी अंग, काळी पट्टी, तिच्यावर लाल रेघ. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे नाव त्याला दिले. शंभरेक वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९७ मध्ये सिंगापूरच्या शोभेच्या माशांच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले आणि 'मिस केरळ' या नावाने त्याची जगभर मागणी सुरू झाली. हा मासा काही रिओ नेग्रोसारख्या अफाट पूरक्षेत्रात राहत नाही. मोजक्या नद्यांतल्या डोहांत राहतो आणि हळू वाढतो. उपसा सुरू होताच संख्या कोसळली आणि तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून गोड्या पाण्यातल्या तीसेक संकटग्रस्त जातींचे किमान १५ लाख मासे शौकिनांसाठी परदेशी गेले, असा हिशेब आपल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी त्यांनी आणि केरळातल्या सहकाऱ्यांनी या माशासाठी 'सह्याद्रिया' हे नवे कुलनाम सुचवले. नाव वाचून अभिमान वाटतो, पण दुकानात हा मासा दिसला तर दोन फुटी टाकीसाठी घेऊ नका. तो वीतभर होऊ शकतो, दिवसभर वेगाने पोहतो आणि त्याला चार-पाच फुटांची टाकीही जेमतेम पुरते.

चीनमधल्या एका माशाचा उल्लेख ओझरता करतो. ग्वांगझूजवळच्या श्वेतमेघ नावाच्या डोंगरावर बालवीरांच्या टॅन नावाच्या एका पथकनायकाला एक चिमुकला मासा सापडला. १९३२ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा शास्त्रीय नावात टॅनही आला आणि पांढरा ढगही. निऑन महाग होता त्या काळात पाश्चात्त्य शौकीन याला 'गरिबाचा निऑन' म्हणत. त्याच्या मूळ डोंगरावरून तो नाहीसा झाला, टाक्यांतून मात्र जगभर राहिला. त्याला थंड पाणी लागते. पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये टाकीचे पाणी तिशीच्या वर जाते, तिथे त्याचे हाल करू नयेत. महाबळेश्वरकरांनी खुशाल पाळावा.

आता ज्या माशाकडे आपण ढुंकून पाहत नाही त्याच्याकडे येतो. झेब्रा डॅनिओ. दुकानात सगळ्यांत स्वस्त, कोपऱ्यातल्या टाकीत सतत वर-खाली धावणारा, अंगावर निळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांचा. हा आपला, इथलाच. फ्रान्सिस बुकानन हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर. बंगाल-बिहारचे सर्वेक्षण करताना त्याने नद्या, ओढे, भातखाचरे पालथी घातली आणि गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरचा आपला ग्रंथ १८२२ मध्ये एडिंबरोहून प्रसिद्ध केला. तोवर त्याने आईकडचे हॅमिल्टन हे आडनाव घेतले होते, त्यामुळे शास्त्रीय नावांपुढे हॅमिल्टन असे दिसते. मघाच्या बेडूकवाल्या हॅमिल्टनशी त्याचा संबंध नाही. कोसी नदीतला हा रेघांचा मासा त्याच ग्रंथात पहिल्यांदा आला. आणि डॅनिओ हा शब्द कुठला? बंगालीतल्या 'धानी'वरून, म्हणजे धानाच्या शेतातला. इंग्रजी वाटणारे नाव उलगडले तर आत आपले भाताचे खाचर निघते!

हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात गेला आणि कोणत्याही पाण्यात, कोणत्याही नवशिक्याकडे टिकतो म्हणून लोकप्रिय झाला. पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत नेले. स्ट्राइसिंगर मूळचे बुडापेस्टचे ज्यू, लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत आलेले आणि स्वतः माशांचे शौकीन. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याची वाढ अंड्यापासून डोळ्यांनी पाहता यावी, असा प्राणी त्यांना हवा होता. डॅनिओचे अंडे पारदर्शक असते, ते आईच्या पोटाबाहेर वाढते आणि एका दिवसात त्यात धडधडणारे हृदय दिसू लागते. १९८१ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला आणि झेब्रा डॅनिओ उंदराच्या पंगतीला बसला. त्यांच्या प्रयोगांतली सुरुवातीची वाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून आणलेल्या माशांचीच होती. २०१३ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच जाहीर झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार त्यात सापडले. आज हृदयविकार, कर्करोग, औषधांची परीक्षा यांसाठी जगभर तो वापरला जातो, मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतही.

आमच्या ओळखीतल्या एका गृहिणीने मला विचारले होते, "पण सर, तो रस्त्यावरचा वाटतो, पाहुण्यांना काय दाखवू?" मी त्यांना दहा डॅनिओ हिरव्या वनस्पतींच्या टाकीत एकत्र सोडायला सांगितले. दोन मासे कोपऱ्यात धावतात तेव्हा ते बिचारे वाटतात. दहा जण उजेडात एकदम वळतात तेव्हा रेघा चमकतात, आणि त्यांना निऑनचा हेवा करायचे कारण उरत नाही.

माझा सल्ला पाण्यापासून सुरू होतो. तुमच्याकडे बोअरचे पाणी येत असेल तर ते बहुधा जड असते, भांड्यांवर पांढरा थर धरते. त्यात निऑन आणि कार्डिनल रमत नाहीत. तिथे डॅनिओ घ्या. धरणाचे मृदू पाणी येत असेल आणि टाकी दोन-तीन महिने जुनी झाली असेल तर आठ-दहा निऑन घ्यायला हरकत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जावा म्हणून ते दोन दिवस उघड्या बादलीत ठेवा. निऑनबरोबर एंजल ठेवू नका. दुकानात तो नाण्याएवढा असतो, वाढला की लहान निऑन त्याचा खाऊ होतात. डॅनिओ उड्या मारतात, टाकीला झाकण हवेच.

आणि तो सकर. 'टाकी साफ करतो' म्हणून गळ्यात मारला जातो. तो दक्षिण अमेरिकेतला, फूटभर सहज वाढणारा. मग त्याला टाकी पुरेनाशी होते, मारायला हात धजत नाही आणि दयाळू माणसे त्याला नदीत सोडून येतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत आज तो येतो. अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. चाळीस रुपयांच्या माशापायी भीमेकाठच्या माणसाचे जाळे जाते. टाकी साफ करायला स्पंज आणि आठवड्याला बादलीभर पाणी बदलणे पुरते.

दुकानात गेलात की आधी टाकीसमोर पाच मिनिटे नुसते उभे राहा. मासे एकत्र पोहत आहेत का, एखादा कोपऱ्यात अंग आखडून आहे का ते पाहा. टाकीत एक जरी मासा मेलेला दिसला तर त्या दिवशी तिथून काही घेऊ नका. जोडीचा भाव सांगितला तर दहाचा विचारा, कमीच लावतात. घरी आल्यावर दिवा बंद करून पिशवी तशीच बांधलेली वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे आतले-बाहेरचे तापमान सारखे होते. मग थोडे थोडे टाकीतले पाणी पिशवीत घाला आणि मासे जाळीने काढून सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका, ते कुंडीतल्या तुळशीला घाला.